ओल्या रंगावरची वाकळ

आमच्या मालकांनी पंधरा वर्षं पलटणीत गाड्या रंगवल्या आणि त्या पंधरा वर्षांत एकही गाडी चमकू दिली नाही. गमतीनं सांगत नाही मी. लष्करातल्या गाडीचा रंग मुद्दाम मंद ठेवायचा असतो. उन्हात गाडी चमकली तर ती लांबून दिसते, वरून तर दिसतेच दिसते. म्हणून ट्रक म्हणू नका, जीप म्हणू नका, पाण्याची टाकी म्हणू नका, सगळ्याला तो एकच शेवाळी हिरवा. जरा कुठं चकाकी आली की वरचा साहेब ओरडायचा. असा माणूस पेन्शन घेऊन घरी आला आणि जेवताना म्हणाला, "मी आता लोकांच्या मोटारी रंगवनार."

सासूबाई म्हणाल्या, "रंगव की. पन लोकास्नी चकचकीत मोटार लागती. ती इद्या येती का तुला?"

मालक भाकरी मोडत राहिले. येत नव्हती, हे खरंच होतं.

ही बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतर तीन-चार वर्षांची गोष्ट. आमचं घर इस्लामपूरपासून कोसभर, रस्त्याला लागून. पुढं अंगण, कडेला गोठा, मागं बांधापर्यंत ऊस. ऊस म्हटलं की लोकांना वाटतं लय मोठं कायतरी असेल. आमचं रान एका माणसाला पुरेल एवढं होतं, आणि तो माणूस म्हणजे माझा धाकटा दीर, तो आधीपासून राबत होता. मालकांनी त्यात हात घातला असता तर दोघं एकमेकांच्या पायात आले असते.

त्यात पुण्याहून पत्र आलं. मालकांचा पलटणीतला एक जोडीदार तिथं एका कारखान्यावर वॉचमन होता. त्यानं साहेबाला सांगून यांच्यासाठी जागा धरली होती. पाडवा झाला की हजर व्हायचं. राहायला कारखान्यातच खोली, पण ती एकट्या माणसाची. मालकांनी पत्र दोनदा वाचलं, देवघराच्या कोनाड्यात ठेवलं आणि म्हणाले, "पाडव्यापत्तुर बघू. एक गाडी जरी माज्या हातनं चांगली गेली आन् तिच्या मागं दुसरी आली, तर हितंच. न्हाईतर जातो पुन्याला."

हिशेब मीही घातला होता. लग्नाला बारा वर्षं झाली होती. वर्षाला दोन महिने सुट्टी. म्हणजे बारा वर्षांत हा माणूस दोन वर्षं घरात होता. आमच्या लेकीला बाप म्हणजे पोस्टमननं आणून दिलेला कागद, असंच सहा-सात वर्षांपर्यंत वाटायचं. आता कुठं ती त्यांच्या ताटातलं उचलून खायला लागली होती. तेव्हा त्या पहिल्या गाडीवर काय अवलंबून होतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पहिली गाडी मिळाली ती इस्लामपुरातल्या एका डॉक्टरांची. डॉक्टर बुटके, बोलायला कमी, पण हाताला गुण होता. त्यांची मोटार जुनी काळी होती, ठिकठिकाणी पोपडे निघालेली. डॉक्टरीणबाईंना ती आभाळी रंगाची करून हवी होती. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी मला साताऱ्याला जायचंय. सगळे डॉक्टर लोक, वकील लोक जमणार आहेत. तोवर झाली पाहिजे. आणि दिसली पाहिजे."

मालक म्हणाले, "दिसंल."

घरी येऊन मला म्हणाले, "पंधरा वर्सं दिसू नये म्हनून रंगवलं. आता दिसावी म्हनून रंगवायची."

गोठ्यातली जनावरं बाहेर काढली. भिंती, जमीन पाण्यानं भिजवली, म्हणजे धूळ बसते. खिडकीला ओलं पोतं लावलं. मग जुना रंग खरवडणं, खड्ड्यात लांबी म्हणजे पुट्टी भरणं, ती घासणं, अस्तराचा करडा हात मारणं, त्यावर आभाळी. फवाऱ्याची बंदूक आणि हवेचा पंप मालकांनी सांगलीहून आणला होता. पंपावर मी. सासूबाई दारात बसून माशा वारायच्या, एक माशी ओल्या रंगावर बसली तर जन्मभराची तिथंच राहते म्हणून. शेवटचा हात झाला तेव्हा मोटार अगदी अंडं सोललं तशी दिसत होती. फार चमकत नव्हती, पण स्वच्छ दिसत होती. मालकांनी लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं, आणि बिडी पेटवायला रस्त्यावर गेले. थिनरच्या वासात बिडी ओढायची नाही, हा त्यांचा नेम.

खरं तर ती मोटार तीन आठवडे तशीच गोठ्यात राहायला हवी होती. पण म्हैस व्यायला झाली होती. शेवटच्या हातानंतर आणखी दोन दिवस तिला बाहेर बांधली, तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी फर्मान काढलं. "मोटार बाहीर ऱ्हाईल. म्हस न्हाई ऱ्हायची."

मालक म्हणाले, "आये, रंग कच्चा हाय अजून."

"आन् म्हस काय पक्की हाय व्हय? आज-उद्या व्यायची हाय ती!"

मोटार बाहेर आली. म्हैस आत गेली, आणि त्याच दिवशी व्यालीही. रेडी झाली. थंडी होती म्हणून सासूबाईंनी तिच्या अंगावर जुनी वाकळ टाकली, जुन्या लुगड्यांची त्यांनीच हातानं शिवलेली गोधडी.

आता उघड्यावर ठेवलेल्या ताज्या रंगाला काय काय लागतं, ते मी त्या आठवड्यात शिकले. चिंचेखाली सावली होती, पण वर साळुंक्यांची वस्ती. पाखराची विष्ठा रंगावर पडली आणि ऊन लागलं की तिथं डाग कायमचा. रस्त्याकडेला लावावी तर उसाच्या गाड्या सकाळपासून धुरळा उडवत जायच्या. अंगणाच्या मधोमध लावली, तर पहाटे सासूबाईंचा सडा. शेणाच्या पाण्याचे शिंतोडे कुठवर जातात हे मोटार आल्यावर मला पहिल्यांदा कळलं. त्यांनी मोटारीची पूजा करायचा हट्ट धरला, तेव्हा मालकांनी कुंकू लावायला फक्त चाक दिलं. "चाकाला काय लावायचं त्ये लाव. अंगाला हात न्हाई." कोंबड्या बॉनेटवर चढू नयेत म्हणून त्या डालग्याखाली. आल्या-गेल्यानं बोट लावू नये म्हणून भोवती बाभळीचं काटं. एक बाई मला म्हणाली, "तुमी नव्या सुनंला बी इतकं जपलं नसंल गं!" तिला काय माहीत, जपायचं कारण मोटार नव्हतंच.

मालकांनी चार मेढी रोवून वर पलटणीतली जुनी ताडपत्री ताणली होती. टपापासून हातभर उंच. चारी बाजू उघड्या. मी विचारलं, "बाजूनं बी कायतरी सोडूया का? खालपत्तुर झाकूया."

"न्हाई," ते म्हणाले. "वारं लागू दे. त्यो वरनं वाळलाय, आत अजून ओला हाय."

"कुरडईवानी?"

"व्हय, कुरडईवानीच. वरनं कडक झाली म्हनून डब्यात भरशील का?"

"न्हाई भरायची."

"मग. काय पन पडू दे, धूळ पडू दे, पाखरू घान करू दे. पान्यानं भिजलेला फडका वर ठेवायचा, मऊ झालं की उचलायचं. घासायचं न्हाई. आन् अंगाला कापड लावून झाकायचं तर मुळीच न्हाई. हुकूम समज."

समजलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं जे झालं ते न कळून झालं असं मला म्हणता येत नाही.

रंग दिल्यापासून नवव्या दिवशी मालक सकाळच्या गाडीनं सांगलीला गेले. एक-दोन जागी रंगात धुळीचा कण बसला होता, तो काढायला पाणी-कागद, म्हणजे भिजवून घासायचा कागद, आणि रबिंगच्या लगद्याचा डबा आणायचा होता. घरात मी आणि सासूबाई. लेक शाळेत, दीर रानात.

त्याच दिवशी आमच्या चुलत सासऱ्यांनी शेजारच्या रानातलं पाचट पेटवलं. ऊस तोडून नेल्यावर वाळका पाला राहतो, तो आमच्याकडं जागच्या जागी जाळतात. त्यात वावगं काही नव्हतं. सकाळी वारं बघून, चारी बाजूंनी पट्टा काढून, आमच्या दिराला मदतीला घेऊनच त्यांनी काडी लावली होती. पण दुपारी वारं फिरलं.

पाचटाची काजळी कधी बघितली नसेल त्यांना सांगते. आख्खं पान जळतं आणि तसंच्या तसं काळं होऊन उडतं. वीतवीत लांब. आभाळातून काळे साप खाली यावेत तसं ते येतं. अंगणात काजळीचा पाऊस सुरू झाला. मी बांधावर जाऊन ओरडले, "आवं मामंजी! वारं आमच्याकडं फिरलंय!"

धुरातून आवाज आला, "मग मी काय वाऱ्याला दावं लावलंय व्हय गं?"

परत फिरले तर सासूबाई ताडपत्रीकडं बोट करत उभ्या. काजळीत काही पानं अजून धुमसत होती. एक ताडपत्रीवर पडलं होतं आणि तिथं रुपयाएवढं भोक पडून कडा लाल झाल्या होत्या. डांबर चोळलेली ताडपत्री ती. पेटली असती तर पेटती मोटारीवरच पडली असती. दोघींनी मेढीचे कासरे सोडले आणि ती ओढून लांब टाकली. आता मोटार उघडी, आणि वरून काळं, काही विझलेलं, काही न विझलेलं.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. विचार असा काही आलाच नाही. आमच्याकडं जपायचं म्हटलं की हात वाकळेकडं जातो. बाळंतिणीवर वाकळ, थंडीत विरजणाच्या भांड्यावर वाकळ, मोडासाठी बांधलेल्या मटकीवर वाकळ. गोठ्यात सहा दिवसांची रेडी वाकळेतच होती. मी सासूबाईंकडं बघून ओरडले, "आत्याबाई, वाकळा काढा!" आणि त्यांनीही काही विचारलं नाही. पाच वाकळा निघाल्या. ठिणगीनं पेटू नयेत म्हणून आम्ही त्या जनावरांच्या पाण्याच्या डोणीत बुडवल्या. भिजलेली वाकळ उचलायची म्हणजे गाभण शेळी उचलायची. एक टपावर, एक बॉनेटवर, एक मागं, दोन बाजूंनी. मोटार दिसेनाशी झाली, तेव्हा आम्ही ओट्यावर टेकलो.

सासूबाई म्हणाल्या, "झ्याक झालं."

मलाही तेच वाटलं. दोन-तीन तास वाकळा तशाच राहिल्या. वर ऊन, खाली ओल. वाळतील म्हणून मी एकदा वरून तांब्याभर पाणीसुद्धा शिंपडलं.

चार-साडेचारला आग विझली, वारं पडलं. आम्ही वाकळा काढायला गेलो. बाजूच्या सहज निघाल्या. टपावरची धरून उचलली तर चर्र असा आवाज आला. जुनी जखम बांधलेला फडका निघताना येतो तसा. तेव्हा मला कळलं. वाकळ उलटी करून बघितली, तर खालच्या अंगाला टाक्याटाक्यावर निळं लागलं होतं.

उतरतं ऊन मोटारीवर आडवं पडलं होतं, त्यामुळं सगळं दिसत होतं. टपावर आणि बॉनेटवर टाक्यांच्या ओळी उमटल्या होत्या. बोट-बोट अंतरानं, कडेनं चौकोन, चौकोनात चौकोन, पेरणीनंतर तिफणीच्या रेघा दिसाव्यात तशा. मधे मधे ताक सांडल्यागत पांढुरकं झालेलं. एक ठिणगी लागली नव्हती, एक काजळी चिकटली नव्हती, आणि रंग मात्र गेला होता.

सासूबाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आगं, ह्ये माजं टाकं हायती."

बोट न टेकवता त्यांनी एक ओळ दाखवली.

"हितं बघ, हितं वाकडा गेलाय. तवा मला हिवताप हुता. त्यो बी उठलाय."

मालक दिवेलागणीला आले. हातात रबिंगचा डबा. काट्याच्या कडेनं एक फेरी मारली, मग काटं बाजूला करून जवळून दुसरी. चहा टाकायला मी आत गेले नाही, तिथंच उभी राहिले.

"कुनी घातली?"

"मी."

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "मी सांगिटलं हुतं तिला. मी म्हटलं घाल."

हे खोटं होतं. बारा वर्षांत माझ्यासाठी त्या पहिल्यांदा खोटं बोलल्या, आणि मालकांना ते कळलं, कारण ते आईकडं न बघता माझ्याकडंच बघत राहिले.

"झाकू नगं म्हटलं हुतं."

"ठिनग्या येत हुत्या. ताडपत्री पेटली असती."

"ताडपत्री काढलीस त्ये ब्येस केलंस. तितंच थांबायचं. पान्याची घागर घिऊन उभं ऱ्हायचं, निखारा पडला तर त्येवढाच इझवायचा. चार डाग पडलं असतं. चार डाग मी काढलं असतं." मग टपाकडं बोट करून, "ह्ये काय काढू?"

त्या दिवशी जेवताना माझी नजर सारखी देवघराकडं जात होती. कोनाड्यातलं पत्र तिथंच होतं.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं आता ते लगेच घासायला बसतील. बसले नाहीत. म्हणाले, आता हात लावला तर रंग सालपटागत निघेल. आधी पूर्ण वाळू दे. आठ दिवस मोटार तशीच अंगणात उभी, टाक्यांसकट. ते आठ दिवस मला जड गेले. चूक केल्यावर माणसाला काहीतरी करायला लागतं, आणि इथं करायचं म्हणजे काही करायचं नाही. मी रोज दुपारी बांधावर जाऊन वारं बघून यायची, जसं काही ते माझं ऐकणार होतं. बघायला येणारे येतच होते. चुलत सासरे आले, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाले, "डाक्टरला सांगा, थंडी वाजंल म्हनून वाकळंसकट रंगिवली."

मालक म्हणाले, "तुमी पाचट जाळा, काका. बाकीचं मी बघतो."

नवव्या दिवशी त्यांनी टपावर नख दाबून बघितलं. नख उमटलं नाही. मग कामाला सुरुवात. जुन्या रबरी चपलेचा तुकडा कापला, त्याला पाणी-कागद गुंडाळला, साबणाच्या पाण्यात बुडवला आणि एका सरळ रेषेत घासायला लागले. दिवसभरात अर्धं बॉनेट झालं. हातात चार दिवस. नुसता टप आणि बॉनेट घासून भागणार नव्हतं. तेवढंच वेगळं दिसलं असतं, म्हणून आख्खी मोटार घासायला हवी होती.

मी म्हटलं, "मी बसते."

"जमायचं न्हाई. दाब सारखा पडाय लागतो. एका जागी जादा पडला की खालचं अस्तर वर येतंय."

"मी चौदाव्या वर्सापास्नं जमीन सारवती," मी म्हटलं. "एका तरी जागी पोपडा दिसला का तुमास्नी?"

त्यांनी चपलेचा दुसरा तुकडा कापला.

सारवणाचा हात आणि हा हात एकच निघाला. मनगट नाही, खांदा हलवायचा. चार दिवस सकाळी भाकरी आटोपल्या की आम्ही दोघं मोटारीच्या दोन बाजूंना. बारा वर्षांत आम्ही एकमेकांसमोर एवढा वेळ कधी बसलो नव्हतो. बोलणं फार नव्हतं. "पानी." "कागुद बदल." "हितं बघ जरा." एवढंच. पण एकदा ते मला हिमाचलातल्या एका नदीबद्दल सांगत होते आणि सांगता सांगता त्यांचं दार घासून झालंसुद्धा.

टाके गेले. पण मोटारही गेली, असं वाटावं अशी दिसायला लागली. सगळी चकाकी उतरून राखेसारखी मंद झाली. सासूबाई आल्या, बघितलं. "हुतं त्ये बी घालिवलंसा."

मालक मागं सरून बघत म्हणाले, "ह्यो माजा मिलिटरीचा रंग झाला की गं." आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसले.

मग त्यांनी रबिंगचा डबा उघडला. एक-दोन डागांसाठी आणलेला तो लगदा आम्ही धोतराच्या जुन्या मऊ फडक्यावर घेऊन सगळ्या अंगाला चोळला. आधी काही नाही. मग फडक्याखालून एक वाटीएवढी जागा उजळली. तिथं मला माझं तोंड दिसलं, कुंकवासकट, मागं चिंच, चिंचेवर साळुंकी. मालक येऊन बघून गेले. त्यांनी आजवर दिलेला एकही रंग कधी असा दिसला नव्हता. त्यांना हे करायची वेळच पंधरा वर्षांत आली नव्हती. गाडी चमकवायची नसेल तर शेवटचा हात कोण घासणार?

एक जागा तेवढी राहिली. टपावर मागच्या बाजूला, दोन वितीची. तिथं कागद मारताना खालचं करडं डोकावायला लागलं, म्हणून मालकांनी माझा हात धरला. "बास. आता जितकं हाय तितकं ऱ्हाऊ दे." तिथं टाक्याच्या सहा-सात ओळी राहिल्या. त्यातलाच तो हिवतापातला वाकडा टाका.

शनिवारी डॉक्टर आले. मोटारीभोवती फिरले, दारात स्वतःकडं बघून टाय सारखा केला. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "बुटका हाय. त्येला टप दिसायचा न्हाई. गप ऱ्हावा समदी."

मीही तीच प्रार्थना करत होते. पाडव्याला थोडे दिवस राहिले होते. पण मालकांनी घरातून पाट आणला, दुसरा पाट आणून त्यावर ठेवला आणि म्हणाले, "डाक्टरसायेब, ह्याच्यावर चढा."

"कशाला?"

"रिपोट द्यायचा म्हंजे समदा द्यायचा."

डॉक्टर चढले. बघितलं. बोट फिरवलं. "हे काय?"

"वाकळंचं टाकं हायती. रंग कच्चा असताना वाकळ पडली. चूक आमची. पुन्ना करायचं म्हटलं तर आजून तीन आठवडं लागतील."

डॉक्टर पाटावर उभे राहून थोडा वेळ टपाकडं, थोडा वेळ आमच्याकडं बघत होते. मी पदराचं टोक दाताखाली धरलं होतं.

"उद्या जायचंय मला," ते म्हणाले आणि उतरले. "ठीक आहे."

एवढंच. चांगलं झालंय, वाईट झालंय, काही नाही. मालकांनी त्यांना सांगितलं, महिनाभर झाकू नका, झाडाखाली लावू नका, नुसत्या पाण्यानं धुवा. डॉक्टर मान हलवून गेले.

मग दिवस जायला लागले. रस्त्यावरून गाडी गेली की तिघंही वर बघायचो. कुणी थांबलं नाही. शिमगा झाला. एक दिवस मालकांनी माळ्यावरून पलटणीची ट्रंक काढली, गंज घासला आणि तिला रंग दिला. तोच शेवाळी, बिनचमकीचा. ट्रंक सुकायला ओट्यावर ठेवली. मी बघितलं आणि वाकळा धुवायला घेऊन विहिरीवर गेले. दुसरं काय करणार?

पाडव्याला चार दिवस असताना डॉक्टरांची मोटार रस्त्याला थांबली. तिच्या मागं आणखी एक काळी मोटार. तिच्यातून साताऱ्याचे एक वकील उतरले. ते डॉक्टरांच्या मोटारीजवळ गेले आणि दारावर हाताचा पंजा ठेवून म्हणाले, "मला असं पाहिजे. असा शेवटचा हात इकडं कुणी मारत नाही. हा कुणी मारला?"

मालकांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्यांनी."

वकिलांनी माझ्याकडं बघितलं, मग परत मालकांकडं, थट्टा तर नाही ना म्हणून.

"दोगांचं काम हाय त्ये," मालक म्हणाले. "येकट्याला व्हायचं न्हाई."

डॉक्टर बाजूला उभे होते. म्हणाले, "आणि काय चुकलंय तेही हे स्वतः सांगतात. पाटावर चढवून." चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण म्हणाले.

काळी मोटार त्याच दिवशी गोठ्यात गेली. म्हैस आणि रेडी बाहेर आल्या, सासूबाई दिवसभर कुरकुरल्या. संध्याकाळी मालकांनी पुण्याच्या जोडीदाराला कार्ड लिहिलं. चार ओळी. सकाळी मीच ते इस्लामपूरला जाऊन पेटीत टाकलं, दुसऱ्या कुणाकडं दिलं नाही. शेवाळी ट्रंकेत पुढं पाणी-कागद आणि रबिंगचे डबे राहायला लागले.

नंतर बऱ्याच गाड्या आल्या, फलटणहून आल्या, शिरवळहूनही आल्या. नेताना प्रत्येकाला मालक तेच सांगायचे, "म्हैनाभर अंगावर कापड नको." ते हे बोलायला लागले की मी कायतरी निमित्तानं आत जायची. डॉक्टरांची मोटार त्यांनी विकेपर्यंत तशीच होती. सासूबाईंना शेवटच्या दुखण्यात बघायला ते तिच्यातूनच यायचे. ओटा उंच होता, त्यावरून टप दिसायचा. सासूबाई एकदा माझ्या आधारानं ओट्यापर्यंत आल्या, बघितलं, म्हणाल्या, "हाय गं अजून," आणि परत आत जाऊन पडल्या.

आणि ती टपावरची वाकळ. ती मी टाकली नाही. पुढं कितीतरी वर्षं थंडीत ती आम्हा दोघांच्या अंगावर असायची. धुवून धुवून तिच्यातल्या लुगड्यांचे रंग सगळे उडाले. टाक्याटाक्यावरचं ते निळं मात्र गेलं नाही.